चोच कुणाच्या वळणाची

इन्क्युबेटरला फळ्या तीन होत्या. वरच्या फळीवर बदकाची अठरा अंडी, त्यांतली चार मेलेली. खालच्या फळीवर सोळा, त्यांतली पाच मेलेली. मधल्या फळीवर एक थर्मामीटर, पाण्याचं एक पसरट भांडं आणि उरलेली मोकळी जागा. वरची फळी थोरलीची, खालची धाकटीची. मधल्या मोकळ्या जागेत दोघींपैकी कुणीही एक अंडं ठेवलं की दुसरी ते मुकाट्याने उचलून त्याच्या मालकिणीच्या फळीवर ठेवून देई. घरच्या फ्रिजमध्येही हाच कायदा होता.

कारण दोघी सख्ख्या जावा होत्या. त्यातही दैवाचा विनोद असा, की धाकटीला त्या घरात आणली ती थोरलीनेच. धाकटी आधी प्रयोगशाळेत विद्यार्थिनी म्हणून आली. थोरली तिथली कायम नोकरीतली शास्त्रज्ञ. एकदा थोरलीचा डबा घरी राहिला, तो पोचवायला तिचा दीर आला, आणि पुढचे चार महिने थोरलीचा डबा वरचेवर घरी राहू लागला. ती स्वयंपाकघरात भरून ठेवायची आणि दीर तो सकाळी लपवून ठेवायचा. हे कळेपर्यंत लग्न ठरलं होतं. "मी माझ्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला," असं थोरली पुढे सांगायची. धोंडा शेजारीच बसलेला असायचा.

घरी धाकटी तिला 'ताई' म्हणे. प्रयोगशाळेत 'मॅडम' म्हणायचं, असं थोरलीने लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी बजावलं होतं. धाकटीने ते पाळलं. फक्त जिव्हारी लागेल असं काही बोलायचं असलं की ती प्रयोगशाळेत 'ताई' म्हणायची आणि घरी 'मॅडम'.

पण भांडण डब्याचं नव्हतं, फ्रिजचं नव्हतं. भांडण चेहऱ्याच्या हाडांचं होतं.

अंड्यातला भ्रूण तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तेव्हा त्याच्या पाठीवर एक पन्हळ मिटत असते. ती मिटून नळी होते, आणि त्या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. मिटणाऱ्या पन्हळीच्या दोन्ही काठांवर काही पेशी असतात. त्या तिथे राहत नाहीत. काठ सुटला की डोक्याच्या कडेकडेने चालत खाली उतरतात, जिथे चेहरा व्हायचा तिथे जमतात, आणि त्यांचीच हाडं होतात. जबडा, गाल, पक्ष्यांत चोचीचं हाड. माणसाचंही असंच होतं. आपल्या हनुवटीचं हाड एके काळी आपल्या मेंदूच्या काठावर बसलेलं होतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा धाकटी दोन दिवस आरशात हनुवटी चाचपत होती. प्रयोगशाळेत या पेशींना नुसतं 'काठाच्या पेशी' म्हणत.

आता बदकाची चोच लांब आणि चपटी, लावा पक्ष्याची आखूड आणि टोकदार. हा आकार ठरवतं कोण? लांबून चालत आलेल्या पेशी तो बरोबर घेऊन येतात, की जिथे त्या पोचतात तिथली त्वचा त्यांना शिकवते? हे पाहायचं तर लाव्याच्या भ्रूणातून काठाच्या पेशी काढायच्या आणि बदकाच्या भ्रूणात, त्याच्या स्वतःच्या पेशी काढून त्या जागी बसवायच्या. मग अंड्याची खिडकी चिकटपट्टीने बंद करायची, उबवायचं, आणि चोच कुणाच्या वळणाची होते ते पाहायचं.

थोरलीने हे आठ वर्षांपूर्वी केलं होतं. तिच्या प्रबंधातलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं: 'एकाही भ्रूणात चोच लाव्याच्या वळणाची झाली नाही.' त्या वाक्यावर तिला नोकरी मिळाली होती. व्याख्यानात ती ते सोपं करून सांगायची, की सासरी आलेली पेशी सासरचं वळण घेते. लोक हसायचे. सासूबाई मात्र एकदा व्याख्यानाला आल्या होत्या आणि परत येताना म्हणाल्या होत्या, "हे घरी कधी होणार?"

धाकटीने तोच प्रयोग तीन वर्षं केला आणि तिला अकरा बदकांना आखूड चोची मिळाल्या. पेशी माहेरचं वळण सोडत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिचा प्रबंध लिहून तयार होता, पण सर तो पुढे पाठवत नव्हते. प्रयोगशाळा सरांची. थोरलीच्या शोधनिबंधावर तिच्या नावाशेजारी त्यांचंही नाव होतं. धाकटीचा प्रबंध खरा ठरला तर ते जुनं वाक्य मागे घ्यावं लागणार होतं, तेही थोरलीच्या बढतीच्या मुलाखतीच्या तोंडावर. खोटा ठरला तर धाकटीची तीन वर्षं पाण्यात. मुदतवाढ आधीच दोनदा घेऊन झाली होती, तिसऱ्यांदा मिळत नसे.

शेवटी सरांनी दोघींना समोर बसवलं. ते मवाळ होते, आवाज चढवत नसत. "तुमच्यापैकी एकजण चुकते आहे," ते म्हणाले. "दोघीही चुकत असाल तर मला जास्त सोयीचं जाईल." मग त्यांनी सांगितलं, की शेजारच्या विभागातून दुहेरी नळीचा मायक्रोस्कोप आणलाय. एकीने काम करायचं, दुसरीने त्याच वेळी तेच पाहायचं. एक दिवस थोरलीचे हात, एक दिवस धाकटीचे. जे दिसेल ते तिथल्या तिथे बोलायचं, घरी नेऊन नाही.

घरी नेऊन नाही, हे थोडं उशिराच सांगितलं गेलं. घरात गेले दोन महिने दोघी एकमेकींशी सासूबाईंमार्फत बोलत होत्या. "त्यांना सांगा, दूध संपलंय." "तिला सांगा, मला दिसतंय." दोघींमध्ये बसलेल्या सासूबाई मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, की जगातल्या सुना भांडतात त्या दागिन्यांवरून, माझ्या सुना भांडतात पाखराच्या नाकावरून.

पहिला दिवस थोरलीचा. तिचे हात पाहण्यासारखे होते, हे धाकटीलाही कबूल करावं लागे, अर्थात मनातल्या मनात. तिने बदकाच्या अंड्यातून सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतो, मग कात्रीने कवचात नखाएवढी खिडकी कापली. पिवळ्यावर तो तांदळाचा दाणा. त्याच्या खाली शाई सोडली, की काळ्यावर पांढरा स्वच्छ दिसू लागला. मग लाव्याचं अंडं घेतलं. दोघींचे खांदे लागत होते. धाकटीने खांदा आखडून घेतला, तर थोरलीने खुर्ची जराशी तिच्याच बाजूला सरकवली.

लाव्याचा भ्रूण नजरेत आला आणि धाकटी मोजायला लागली. पाठीच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने गाठी उठतात, मण्यांच्या दोन ओळींसारख्या. जितक्या जोड्या, तितकं भ्रूणाचं वय. घड्याळ फसवू शकतं, या गाठी फसवत नाहीत.

"किती?" सरांनी मागून विचारलं.

"बारा," धाकटी म्हणाली.

"दहा," थोरली म्हणाली.

"बारा. शेवटची पुसट आहे, पण आहे. फोकस थोडा खाली घ्या, मॅडम."

थोरलीने फोकस खाली घेतला. पुसट जोडी दिसली. सरांची खुर्ची करकरली. आठ जोड्यांना पेशी काठावर असतात. बाराला डोक्याच्या त्या भागातला काठ रिकामा झालेला असतो, पेशी निघून गेलेल्या असतात. तेव्हा काठ कापून दुसरीकडे बसवणं म्हणजे बिऱ्हाड उठून गेल्यावर त्याचं दार उचलून आणण्यासारखं.

थोरली म्हणाली, की ती अंडी तासांवर काढते, लाव्याला ठरलेले तास आणि बदकाला ठरलेले तास. सगळं जग तासांवर काढतं, आणि आठ वर्षांपूर्वी सरांनीच तसं शिकवलं होतं. हे खरं होतं, म्हणून सर खिडकीबाहेर पाहू लागले. तेव्हा धाकटीने ते सांगितलं जे ती वर्षभर जपून ठेवून होती. लाव्याची अंडी पहिल्यापासून पक्षीपालनकेंद्राच्या गाडीतून येतात. प्रयोगशाळा त्या गाडीचा शेवटचा थांबा. दुपारभर अंडी तापलेल्या पत्र्याखाली फिरत असतात, आणि इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच त्यांची वाढ सुरू झालेली असते. बदकाची अंडी मागच्याच गल्लीतून येतात, ती गार असतात.

"जग आपली अंडी उन्हातून फिरवून आणत नसेल, ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीने सुई स्टँडवर ठेवली. तिने ती इतक्या हळू ठेवली, की आवाज झाला नाही. त्या संध्याकाळी घरी धाकटीने स्वतःचा चहा केला, आणि बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत केला. थोरली आली, तिने ओट्यावरचं भांडं उचलून धाकटीच्या बाजूला ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं, की गाणाऱ्या माणसाने आपली भांडी घासावीत.

दुसरा दिवस धाकटीचा. तिने लाव्याची गाडी आल्या आल्या अंडी गार केली होती, भ्रूण मोजून निवडला होता, आठ जोड्या बरोबर, आणि थोरलीने विचारण्याआधीच तिला मोजायला लावल्या होत्या. थोरलीने मोजल्या आणि आठ म्हणाली. धाकटीने काठ कापला, कापलेला तुकडा वरची त्वचा सुटून यावी म्हणून विरघळवणाऱ्या द्रावणात घातला, धुतला, आणि काचेच्या बारीक नळीतून बदकाच्या भ्रूणाकडे आणला. तो केसाच्या टोकाएवढा तुकडा आपल्या जागी बसत असताना थोरली अगदी गोड आवाजात म्हणाली, "ती किनार कसली गं?"

"कुठली?"

"उजवीकडची. चमकतेय ती."

धाकटीने पाहिलं. तुकड्याच्या एका कडेला पातळ, चकचकीत झालर होती. तिने ती याआधी शेकडो वेळा पाहिली होती आणि द्रावणाचा थर समजून सोडून दिली होती. आज शेजारी बसलेल्या शत्रूच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तिला ती काय आहे ते कळलं. ती त्वचा होती. लाव्याची वरची त्वचा, पुरती न सुटलेली.

"माहेराहून पेशी आणल्यास," थोरली म्हणाली, "की माहेरचं छप्परच उचलून आणलंस?"

सरांना समजावून सांगावं लागलं नाही. लाव्याची त्वचाही बरोबर गेली असेल, तर चोच आखूड कुणामुळे झाली ते सांगता येत नाही. पेशींमुळे की त्वचेमुळे, हाच तर सगळा वाद. अकरा भ्रूण एका झालरीपायी निकालात निघाले. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. द्रावणात दोन मिनिटं जास्त ठेवायला हवं होतं, इतकंच. दोन मिनिटं वाचवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पेशी मरतील या भीतीने ती घाई करत होती.

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे सोयीचंच झालं," ते म्हणाले, पण त्यांना ते सोयीचं झाल्यासारखं दिसलं नाही. मग त्यांनी ठरवलं. निवड धाकटीची, कापणी थोरलीची. धाकटीने गाठी मोजून भ्रूण द्यायचा, थोरलीने त्वचा पुरती सोडवून पेशी बसवायच्या. चौदा अंडी. हा निकाल दोघींना मान्य करावा लागेल. आखूड चोचीचा एक जरी भ्रूण निघाला तरी जुनं वाक्य मागे, कारण वाक्यात 'एकाही' असं लिहिलंय. एकही निघाला नाही, तर प्रबंध पुढे जाणार नाही.

धाकटीच्या मनात त्या क्षणी एकच विचार आला, की आपला प्रबंध आता हिच्या हातात आहे. थोरलीच्या मनातही बहुधा हेच होतं, फक्त उलट बाजूने.

चौदा अंडी तीन दिवसांत झाली. त्या तीन दिवसांत दोघी एकमेकींशी फक्त आकडे बोलल्या. "आठ." "पाहिले." "आठ." "पाहिले." एकदा धाकटीला नऊ जोड्यांचा एक भ्रूण मिळाला, तो चालला असता. पण चालला असता आणि उद्या कुणी बोट ठेवलं असतं, म्हणून तिने तो बाजूला सारला. थोरलीने एकदा बसवलेला तुकडा परत उचलला, कारण तिला झालर नसूनही झालरीसारखं काही दिसलं, आणि पुन्हा द्रावणात घातला. दोघींपैकी कुणीही दुसरीला शाबासकी दिली नाही. मधल्या फळीवरचं भांडं आणि थर्मामीटर खाली गेले, आणि चौदा अंडी तिथे मांडली गेली. कुणाचीच नाहीत आणि दोघींची, अशी ती पहिलीच अंडी.

मग ती मरू लागली. असं होतंच, खिडकी पाडलेलं अंडं अर्धं जखमीच असतं. पण धाकटीला प्रत्येक मरण संशयाचं वाटू लागलं. कुणी कापलं होतं? थोरलीने. दर सकाळी ती दिव्याच्या प्रकाशात अंडी धरून पाहायची, रक्तवाहिन्यांची जाळी लाल आहे की काळी पडली. आठवड्याने चौदाची सहा राहिली. जेवणाच्या टेबलावर थोरली अगदी सहज आपल्या नवऱ्याला सांगायची, की नाजूक कामाला वेळ द्यावा लागतो, वेळ मिळाला नाही की असं होतं. नवरा मान डोलवायचा. तो विमा विकायचा आणि गेली चौदा वर्षं मान डोलवूनच सुखी होता.

एका सकाळी धाकटी आली तेव्हा इन्क्युबेटरचं दार बोटभर उघडं होतं आणि थर्मामीटर अठ्ठावीसवर होता. अडतीसच्या जवळ हवा. तिने सहाही अंडी प्रकाशात धरली. पाच काळी, एक लाल. दार आदल्या संध्याकाळी शेवटचं कुणी लावलं, ते तिने शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, मोठ्या मॅडमनी.

ती घरी गेली. सुट्टीचा दिवस होता, सगळे न्याहारीला बसले होते. धाकटी दारातूनच बोलली, आणि सासूबाईंमार्फत नाही. तिने विचारलं, की पाच मारल्यावर समाधान झालं की सहावं अजून जिवंत आहे म्हणून चुटपुट लागलीय. तिच्या नवऱ्याने तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. आपण काय म्हणतोय ते सासूबाईंना कळावं म्हणून तिने सगळं पुन्हा सोप्या शब्दांत सांगितलं, की माझं शिक्षण बुडावं म्हणून ह्यांनी दार उघडं ठेवलं.

थोरली खात होती. तिने घास संपवला.

"मला मारायचीच असती," ती म्हणाली, "तर कापतानाच मारली असती. चौदाही. सुई अर्धा मिलिमीटर खोल गेली असती, तुला शेजारी बसून कळलं नसतं. सरांनाही नाही. माझ्या हातांना दाराची गरज नाही."

धाकटीच्या नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. धाकटीला हे कळत होतं, की थोरली म्हणते ते खरं आहे, आणि तेच तिला सगळ्यांत असह्य होत होतं. या बाईचा तिरस्कार करता येत होता, तिच्या हातांचा नाही.

"आणि तू जे आता बोललीस," थोरली पुढे म्हणाली, "ते मी विसरणार नाही. निकाल काहीही लागो."

"मीही नाही," धाकटी म्हणाली.

दुपारी दोघी वेगवेगळ्या वाटांनी प्रयोगशाळेत पोचल्या. सर आधीच आले होते आणि इन्क्युबेटरच्या दारासमोर उकिडवे बसले होते. दाराच्या कडेचं रबर कडक होऊन एका जागी चिरलं होतं, त्यामुळे दार लावलं तरी रात्रीतून आपोआप सुटत होतं. त्यांनी दोनदा लावून दाखवलं, दोनदा सुटलं. धाकटीने ते पाहिलं. माफीचा शब्द तिच्या तोंडापर्यंत आला, पण थोरलीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्याचं असं काही समाधान होतं, की धाकटीने तो गिळून टाकला. तिने चिकटपट्टी आणली आणि दार बाहेरून बंद केलं. थोरलीने शेवटची पट्टी जरा तिरकी आहे म्हणून काढून परत लावली.

त्या एका अंड्यावर मग दोघींनी पहारा ठेवला. एक सकाळी, एक दुपारी. धाकटीचा पहारा थोरलीवर, थोरलीचा धाकटीवर, आणि मधल्यामध्ये अंडं उबत राहिलं. थोरलीने सुचवलं, की आता उशीर नको, मेलं तर काहीच हाती लागणार नाही, आठवडाभर आधीच उघडू. धाकटीने तिथल्या तिथे नाही म्हटलं. इतक्या लवकर बदकाची आणि लाव्याची चोच सारखीच दिसते, फरक पडतो तो नंतर. थोरलीला हे तिच्याइतकंच ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, की पाहत होते, तुला माहीत आहे का.

ठरलेल्या दिवशी दुहेरी नळीचा मायक्रोस्कोप शेजारच्या विभागाने परत नेला होता. एकाच नळीचा उरला होता. त्याच्यासमोर कुणी बसायचं, यावर दहा मिनिटं गेली. धाकटीचं म्हणणं, सरांनी बसावं. सर म्हणाले, की त्यांचे हात आता थरथरतात आणि त्यांचं नाव जुन्या निबंधावर आहे. तसं तर थोरलीचंही आहे, धाकटी म्हणाली. थोरलीने विचारलं, की मग जिचा प्रबंध अडकलाय तिने बसावं का? शेवटी असं ठरलं, की आधी थोरलीने मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं, मग काहीही न हलवता उठायचं, आणि धाकटीने बसून पुन्हा मोजायचं.

तुलनेची पिल्लं आधीच मोजून झाली होती. त्याच वयाच्या, न छेडलेल्या नऊ बदकांची चोच तोंडाच्या कोपऱ्यापासून टोकापर्यंत आठ पूर्णांक सहा ते नऊ पूर्णांक दोन मिलिमीटर. वाढीच्या त्याच टप्प्यावरच्या सात लाव्यांची चार पूर्णांक तीन ते चार पूर्णांक आठ.

थोरलीने कवच खिडकीपासून दोन्हीकडे कापलं, पातळ पडदा बाजूला केला, आणि भोकांच्या चमच्याने भ्रूण उचलून थंड पाण्याच्या बशीत सोडला. त्याची मान पोटाकडे मुडपलेली होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पाठीवर पिसांच्या बिंदूंच्या ओळी उठल्या होत्या. धाकटी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिथून तिला फक्त पांढुरकी पाठ आणि थोरलीचं कपाळ दिसत होतं.

"आधी पायाचं मधलं बोट," थोरली म्हणाली.

सरांनी विचारलं, बोट कशाला.

"भ्रूणच खुरटलेला असेल तर चोच आपोआप आखूड दिसेल. मग उद्या ही नाचेल." तिने धाकटीकडे पाहिलंही नाही. "बोट बदकाएवढं नसेल, तर हे मोजमाप मी मानणार नाही. चालेल?"

धाकटीला नाही म्हणायचं होतं. अट योग्य होती, आपल्या प्रबंधात आपणच घालायला हवी होती इतकी योग्य. गेल्या दोन आठवड्यांत भ्रूण एकदा गारठला होता, तो खुरटलेला असणं सहज शक्य होतं, आणि मग हातात काहीही उरलं नसतं. "चालेल," ती म्हणाली.

न छेडलेल्या बदकांचं मधलं बोट नऊ ते नऊ पूर्णांक सहा होतं. थोरलीने मोजायचा दोन टोकांचा कॅलिपर लावला, नळीतून पाहिलं, काढला, पुन्हा लावला.

"नऊ पूर्णांक तीन," ती म्हणाली.

सरांनी ते उच्चारून पाहिलं. म्हणजे बदक पुरतं वाढलेलं होतं.

मग थोरलीने चिमट्याने मान सरळ केली आणि डोकं वळवलं. ती बराच वेळ नळीतून पाहत राहिली. धाकटी तिचा चेहरा वाचायला पाहत होती, पण सात वर्षांच्या शेजारानंतरही तिला तो वाचता आला नाही. डोळा नळीला टेकलेला, ओठ मिटलेले, जबडा स्थिर. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली घासत नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत थोरली थांबली. तिने कॅलिपरची टोकं लावली, आकडा पाहिला, टोकं उघडली, शून्यावर आणून तपासली आणि पुन्हा लावली.

धाकटीच्या मनात आलं, की ही आता काय वाटेल ते सांगू शकते, पण मग लगेच उठून मला जागा द्यावी लागेल. आणि तिच्याही मनात हेच चाललं असेल.

"चार पूर्णांक आठ," थोरली म्हणाली, आणि काहीही न हलवता उठली.

धाकटी तिच्या खुर्चीत बसली. खुर्ची गरम होती. तिने नळी आपल्या डोळ्याला जुळवून घेतली, कॅलिपर शून्यावर आणला, तोंडाच्या कोपऱ्यावर एक टोक टेकवलं, दुसरं चोचीच्या अग्रावर आणलं, आणि दोनदा मोजलं.

दोन्ही वेळा पाच पूर्णांक शून्य मिलिमीटर. थोरलीने स्वतःच्याच वाक्याविरुद्ध सांगितलेल्या आकड्याहून दोन दशांश जास्त, तरी बदकाच्या चोचीच्या कितीतरी अलीकडे.